बाहुली, डाग आणि बंब

हिंसेचे चित्रण पाहणारा आक्रमक होतो, हे विधान मराठी समीक्षेत अधूनमधून सिद्धान्ताच्या थाटात वावरते. त्याचे मूळ ज्या प्रयोगात दाखवले जाते तो मात्र क्वचितच नीट वाचला जातो. १९६१ साली स्टॅनफर्ड येथे अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ बालकांवर प्रयोग केला. काही मुलांसमोर प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या बाहुलीला बडवले. मग मुलांनीही बडवले. १९६३ मध्ये तेच दृश्य चित्रपटातूनही दाखवले गेले. अनुकरण सिद्ध झाले, यात वाद नाही. पण ती बाहुली ठोसा खाऊन पुन्हा उभी राहण्यासाठीच बनवलेली असते! मुलांनी केले ते आक्रमण की खेळ, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न प्रयोगशाळेने न विचारताच सोडवला. पुढील काही प्रयोगांत तर तिखट न आवडणाऱ्याला किती तिखट सॉस वाढला, यावरून आक्रमकता मोजली गेली. (कोल्हापुरात यालाही पाहुणचारच म्हणतील.) अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० च्या ठरावात ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी हिंसक व्हिडिओ गेमचा अल्पसा संबंध मान्य केला, प्रत्यक्ष हिंसाचाराशी तो जोडण्यास मात्र पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले.

हा अल्पांश नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो संहितेला चेतक आणि प्रेक्षकाला प्रतिक्रियेचे यंत्र मानणाऱ्या समीक्षेवर. १९७० साली विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' रंगमंचावर आले तेव्हा माणिकच्या साडीवरील रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे जाहीर केले. चेतक बदलला; मग परिणामही बदलायला हवा होता. उलट, निळ्याचा लाल करण्याचे काम प्रेक्षकालाच करावे लागले आणि माणिकच्या गर्भपाताकडे तटस्थपणे पाहण्याची त्याची सोय संपली. परिणामवाद्यांच्या कोष्टकात या कामाला रकानाच नाही.

अशा नाटकांचे समर्थकही त्याच सापळ्यात सापडतात. विरेचनाने प्रेक्षक निवळतो, असा त्यांचा बचाव असतो. वस्तुतः ॲरिस्टॉटलचे विवेचन शोकांतिकेतील करुणा व भीती यांविषयी आहे, रागाच्या वाफेविषयी नव्हे. एकाच्या मते वाफ साठते, दुसऱ्याच्या मते निघून जाते. प्रेक्षक दोघांच्याही लेखी बंबच! रमाकांत-उमाकांतच्या शिव्यांची लय, रमाचे सोसणे, रजनीनाथाचे पद्य निवेदन यांविषयी बोलण्याची गरज मग दोघांनाही भासत नाही.