कायद्याच्या वाढदिवशीच कायद्याचा गळा!

कर्नाटक सरकारने २०२० साली जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ, ब आणि क ही कलमे उखडली. निदान ती 'आजपासून रद्द' म्हणायची तरी लाज बाळगायची! ती रद्द झाली १ मार्च १९७४ पासून. ज्या तारखेला कुळाची जमीन कुळाच्या नावावर करणारी दुरुस्ती अमलात आली, त्याच तारखेपासून ही कलमे नव्हतीच, असे विधिमंडळाने ठरवले. ज्यांनी कायदा मोडून शेते लाटली ते एका रात्रीत सज्जन ठरले. चोरांना माफी देणारी सरकारे आम्ही पाहिली आहेत. इथे तर चोरीच झाली नव्हती, असा कायदा झाला.

ही कलमे काय होती? जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेता येणार नाही, आणि ज्याची शेतीबाहेरची कमाई मर्यादेपलीकडची आहे त्यालाही नाही. महाराष्ट्रात कूळ कायद्याचे ६३ वे कलम यातली पहिली बंदी सांगते. सातबारा दाखवल्याशिवाय तिथे शेत विकत मिळत नाही.

कर्नाटकातली ही बंदी कुणा साहेबाच्या लहरीने आलेली नव्हती. १९५१ साली सागर तालुक्यातल्या कागोडू गावात कुळांनी सत्याग्रह केला, तो खंडाच्या धान्यावरून. जमीनदार खंड घेताना मोठ्या मापाने मोजून घेई. त्या मापाविरुद्ध उभे राहिलेल्यांना घरादारावरून हुसकावले, तुरुंगात डांबले; पाठिंब्याला आलेल्या राममनोहर लोहियांनाही अटक झाली. त्यानंतर तेवीस वर्षांनी, आमच्या म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूरचे देवराज अरस मुख्यमंत्री असताना, कुळाने जमीन आपल्या नावावर करण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा आणि तालुक्याच्या न्यायाधिकरणापुढे स्वतः उभे राहून बोलायचे, अशी सोय झाली. वकिलांना तिथे मज्जाव होता. (सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो मज्जाव रद्द केला, कायदा मात्र टिकला.) शेतमजुराच्या हाती या कायद्याने फारसे काही पडले नाही, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. पण म्हणून होते तेही काढून घ्यायचे?

सरकारची सबब अशी, की या कलमांच्या नावाने कचेऱ्यांत लाच चाले. चालत असेलच! राखणदार लाच खातो म्हणून कुणी शहाणा माणूस राखणदाराला ठेवून कुंपण जाळतो काय? लाचखाऊ अधिकारी एकही हलला नाही. हलले ते कलम.

आणि हे पाप एका पक्षाचे नव्हे. उत्पन्नाची मर्यादा दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली ती २०१५ साली, सिद्धरामय्यांच्या काँग्रेस सरकारने. पंचवीस लाख कमावणारा कोणत्या बांधावर घाम गाळतो? खिंडार पाडले काँग्रेसने, भिंत पाडली येडियुरप्पांच्या भाजपने. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या वेशीवर शेतकरी थंडीत कुडकुडत बसला होता, तेव्हा विधान परिषदेत या विधेयकाला हात दिला जनता दल (धर्मनिरपेक्ष) या पक्षाने, ज्याचे पुढारी स्वतःला मातीचे लेक म्हणवतात! विरोधात बसून ओरडणारी काँग्रेस मे २०२३ मध्ये सत्तेवर आली. कलमे परत आली नाहीत.

लष्कर मोहल्ल्यातून बाहेर पडा, अशोक रोडने चाला, सय्याजीराव रोड ओलांडून देवराज अरस रोडवर या. झगमगत्या दुकानांच्या रांगा आणि पाटीवर अरसांचे नाव. बंगळूर–म्हैसूर द्रुतगती मार्ग झाल्यापासून नाचणीच्या रानाकडे 'साइट' म्हणून पाहणारे डोळे वाढले आहेत. म्हैसुरातल्या मराठी मंडळींनी हे कानडी राजकारण म्हणून झटकून टाकू नये. मोटारीतून शेत बघायला येणारा पाहुणा पुण्या-मुंबईचा, आपल्याच नात्यातला असू शकतो, आणि सौदा जुळवणारा आपल्याच गल्लीतला.

पैसेवाल्याने शेत घेतले तर बिघडले काय, असे विचारणारे शहाणे आहेत. बिघडते हे, की जमिनीचा भाव पिकावर ठरायचा तो आता ठेवीच्या हिशेबाने ठरतो. शेजारच्या एकरवाल्याला बांध लांबवणे जन्मात परवडत नाही, आणि त्याचा मुलगा त्याच शिवारात कुणाच्या तरी फार्महाऊसचा पहारेकरी होतो.

तेव्हा २० ऑगस्टला अरस जयंतीचे हार घेऊन येणाऱ्या मंत्र्यांनो, आधी विधानसौधात विधेयक मांडा: ७९ अ आणि ब पूर्ववत, उत्पन्नाची मर्यादा खऱ्या शेतकऱ्याच्या मापाची, आणि २०२० नंतर बिगरशेतकऱ्यांनी घेतलेल्या प्रत्येक शेताची यादी तालुका कचेरीच्या भिंतीवर. ते जमत नसेल तर हार घरीच ठेवा.