बेकरीतला पाय

परवा एप्रिलमध्ये वन्संकडे जाऊन आले. त्यांचं गाव भिलारजवळ. घरामागे अर्धा एकर स्ट्रॉबेरी. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून वाटेत पाचगणीच्या एका बेकरीतून स्ट्रॉबेरी पाय घेतला.

वन्संच्या सासूबाई माळकरी. नाव ऐकूनच त्या दचकल्या. "अगं, माळकऱ्याच्या घरात कसला पाय आणलास?"

सगळे हसले. मी म्हटलं, "आजी, मैदा, लोणी, साखर आणि तुमच्या इकडचीच स्ट्रॉबेरी. अंडंसुद्धा नाही, विचारून घेतलंय."

पाय म्हणजे ताटलीत भाजलेली मोठी करंजीच म्हणा. खाली पारी, आत मुरंब्यासारखं दाट फळ, वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी. जाळी नुसती शोभेची नाही, तिच्यातून वाफ निघून जाते. चव झकास, आंबटगोड. तळ मात्र ओला आणि चिवट झाला होता. आजींनी पहिल्याच घासाला ओळखलं, "पारीत रस उतरलाय गं."

वन्सं खाता खाता गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षं ही फळं खुडतेय. त्यांचं असं काही होतं, हे आज कळलं."

त्यांचं खरंच होतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही. म्हणून पिकलेलीच खुडायची, निवडायची आणि लगोलग डब्यांत भरून मुंबई-पुण्याला धाडायची. ऊन तापलं की फळ बारीक, मऊ पडतं. ते डब्यात चालत नाही. मग कारखान्याला मिळेल त्या भावानं जातं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मऊ फळाची टोपली होती तिथंच राहिली. आणि पायाला नेमकं तेच फळ चालतं!

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट घातलाच. मऊ फळं साखर आणि लिंबाचा रस घालून शिजायला ठेवली. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम धरून ठेवणारा अंश, कमी असतो. आजींनी मूठभर कच्ची करवंदं चीक धुऊन, बिया काढून त्यात टाकली. करवंदांत तो भरपूर. रस पळीला धरू लागल्यावर उतरवून पार गार केला.

दोन वाट्या मैद्यात एक वाटी थंडगार लोणी बोटांनी चोळून रव्यासारखं केलं. चमचा-चमचा गार पाणी घालून गोळा जमवला. मळायचा नाही, मळला की पारी चिवट होते. ताटलीत पारी लावून, काट्यानं टोचून, आधी नुसतीच अर्धी भाजली. नानकटाईला ठेवतो तसंच, जाड पातेल्यात तापलेल्या वाळूवर. मग गार सारण आणि जाळी घालून पुन्हा भाजली. तळ कोरडा राहिला!

वन्संनी लगेच हिशेब मांडला. टोपलीभर मऊ फळाचे हाती येतात किती, आणि त्यात पाय होतील किती? पुढच्या हंगामात गटातल्या बायकांना घेऊन रस्त्याला टेबल मांडायचं म्हणतात. विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवी, तीही आधी करून घ्या, एवढं मी बजावलं.

आजींनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि म्हणाल्या, "पायगुण बरा दिसतोय हो याचा!"