दाढ, भीती आणि घळीचा धबधबा
रात्रभर दाढ ठणकते, गाल सुजतो, लवंग दाबून दिवस ढकलले जातात; तरी पोलादपूरच्या वाडीतून महाडच्या दातांच्या दवाखान्याकडे पाय वळत नाहीत, कारण दुखण्याहून त्या खुर्चीची धास्ती मोठी असते. या धास्तीवर दोन उपाय जोडीने लागू पडतात. पहिला, डॉक्टरांनी दिलेली सौम्य गुंगी. अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती, तोच वायू आजही वापरतात. दुसरा, स्वसंमोहन: डोळे मिटून, श्वास लांबवत मन ओळखीच्या जागी नेणे. आपल्याला शिवथरघळीचा धबधबा आहेच. त्याचा नाद आठवडाभर आधीपासून घरी मनात घोळवावा. बेल्जियममधल्या लिएजच्या रुग्णालयात १९९२ पासून संमोहन, हलकी गुंगी आणि बधिरतेचे इंजेक्शन यांच्या मेळाने शस्त्रक्रियाही झाल्या आहेत. इंजेक्शन मात्र टाळू नये. दमा, रक्तदाब, चालू गोळ्या डॉक्टरांना आधीच सांगाव्यात, सोबत घरचे माणूस न्यावे आणि त्या दिवशी घाटात दुचाकी चालवू नये. भीती वाटते, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. उपचार तिथूनच सुरू होतो.