भाड्याच्या जागेतील वैभव

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशी हे विद्युत उपकरणांच्या व्यापाऱ्याच्या वर्षाचे चार खांब मानले जातात. घरात नवा टीव्ही किंवा फ्रिज आणायचा तो यांपैकी एखाद्या मुहूर्तावर, ही रीत अजूनही टिकून आहे. बदलले आहे ते खरेदीचे ठिकाण. एके काळी पनवेलचे कुटुंब जुन्या बाजारपेठेतील ओळखीच्या दुकानात जाई, शेटजींना भाव विचारी आणि हातगाडीवरून माल घरी येई. पुढे मोठ्या वातानुकूलित दालनात रविवारची संध्याकाळ घालवण्याची प्रथा पडली. भिंतभर मांडलेले संच, प्रत्येक वस्तूला हात लावून पाहण्याची मुभा, मुलांची हौस आणि अखेरीस हप्त्यांच्या कागदावर सही, अशी ती खरेदी म्हणजे एक सहलच असे. आता त्याच दालनात वस्तू पाहून, तिचा मॉडेल क्रमांक टिपून घेऊन, मागणी मात्र मोबाईलवरून नोंदवली जाते.

पनवेलच्या व्यापारी कुटुंबांत या विषयाला आज विशेष महत्त्व आले आहे. १८५२ साली नगरपालिका लाभलेले हे गाव २०१६ मध्ये महानगरपालिका झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि प्रत्येक नव्या सदनिकेला पंखे, फ्रिज, धुलाई यंत्र व एसी लागणार आहेत. साहजिकच अनेक पेढ्यांवर पुढची पिढी विचारू लागली आहे की, जुन्या बाजारातील तीनशे चौरस फुटांच्या गाळ्यात आणखी किती वर्षे बसायचे? महामार्गालगत पाच हजार चौरस फुटांचे दालन का घेऊ नये? वडिलांना हे साहस वाटते, मुलाला ती संधी वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच निर्णयापूर्वी, अशी दालने कशामुळे बंद पडली आणि काही कशामुळे टिकली, हे वहीवर मांडून पाहणे हिताचे ठरेल.

उदय आणि अस्त

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळी रेडिओ, शिलाई यंत्रे आणि पंखे विकणाऱ्या दुकानांनीच टीव्ही विकण्यास आरंभ केला. या व्यापारात संघटित भांडवल मोठ्या प्रमाणावर उतरले ते २००० नंतरच्या दशकात. टाटा समूहाचे ‘क्रोमा’चे पहिले दालन २००६ मध्ये जुहू येथे उघडले. ‘रिलायन्स डिजिटल’ पाठोपाठ आले. फ्यूचर समूहाने ‘ईझोन’ काढले, तर व्हिडिओकॉनने ‘नेक्स्ट’ या नावाने देशभर शेकडो दालने थाटली.

यांपैकी शेवटच्या दोघांची अखेर व्यापाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. व्हिडिओकॉन हा मराठवाड्यातून वर आलेला उद्योग. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात टीव्ही तयार करणाऱ्या या समूहाने पुढे खनिज तेल, दूरसंचार आणि किरकोळ विक्री अशा दूरदूरच्या क्षेत्रांत कर्जाच्या बळावर पाऊल टाकले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे जे परवाने रद्द केले, त्यांत याही समूहाचे परवाने होते. जून २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. समूहातील तेरा कंपन्यांवरील मान्य दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे होते, तर २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेला खरेदीचा प्रस्ताव होता २,९६२ कोटींचा. शंभर रुपयांच्या येण्यामागे पाच रुपयेही नाहीत. पुढे अपिलात तोही प्रस्ताव रद्द ठरला. ‘नेक्स्ट’च्या दालनात टीव्ही विकले जात नव्हते म्हणून हे घडले नाही. आडव्यातिडव्या विस्ताराचे जे ओझे घराण्याने उचलले, त्याखाली दुकानेही दबली.

फ्यूचर समूहाची कथा अधिक बोलकी आहे. ‘बिग बाजार’ आणि ‘ईझोन’ चालवणाऱ्या फ्यूचर रिटेल कंपनीवर आधीच कर्ज होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, विक्री थांबली. भाडे आणि व्याज मात्र थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटी रुपयांचा व्यवहार जाहीर झाला, पण अॅमेझॉनच्या कायदेशीर हरकतीमुळे तो रखडला. दरम्यान भाडे थकल्याने अनेक जागामालकांनी आपले भाडेकरार रिलायन्सशी केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने त्यांतील अनेक दुकानांचा ताबा घेण्यास सुरुवात केली. फलक एकाचा, माल एकाचा, कर्मचारी एकाचे. परंतु जागेचा करार दुसऱ्याच्या नावे झाला आणि दुकान हातचे गेले. एप्रिल २०२२ मध्ये तो व्यवहारही मोडला, जुलैत कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

भाड्याचा हिशेब

या मोठ्या आकड्यांतून आपल्या गल्लीतील आकड्यांकडे यावे. उदाहरणादाखल पाच हजार चौरस फुटांचे दालन शंभर रुपये चौरस फूट दराने भाड्याने घेतले असे समजू. महिन्याचे भाडे पाच लाख, वर्षाचे साठ लाख. पंधरा कर्मचारी प्रत्येकी वीस हजारांवर ठेवले तर वर्षाचा पगार छत्तीस लाख. दिवसभर चालू राहणारे संच, दिवे व वातानुकूलन यांसाठी महिना लाखभर, म्हणजे बारा लाख. दीड कोटीच्या मालासाठी दहा टक्के दराने उचललेल्या रकमेवर व्याज पंधरा लाख. एकूण खर्च एक कोटी तेवीस लाख रुपये.

आता मालावर सरासरी दहा टक्के सुटतात असे धरले, तर केवळ हा खर्च निघण्यासाठी वर्षाला १२ कोटी ३० लाखांची विक्री हवी. म्हणजे पाऊस असो, पितृपक्ष असो की परीक्षांचा काळ, रोज सुमारे तीन लाख चाळीस हजारांचा माल गेला पाहिजे. तोवर घरात एक रुपयाही येत नाही. शेजारी कोणी भाव पाडला आणि सुटणारे दहाचे आठ टक्के झाले, तर हीच विक्री १५ कोटी ३७ लाखांवर न्यावी लागते. दोन टक्क्यांची घट भरून काढण्यास तीन कोटींची जास्त विक्री! मोठ्या दालनाचे सारे भवितव्य या दोन टक्क्यांवर टांगलेले असते.

यात आणखी एक छुपा खर्च आहे. धान्य किंवा सोने पडून राहिले तर कधी भाव चढण्याची आशा असते. टीव्ही आणि मोबाईल यांचे तसे नाही. नवे मॉडेल बाजारात आले की गोदामातील खोक्याची किंमत न उघडताच उतरते. बँकाही कॅश क्रेडिटची उचल ठरवताना ठरावीक मुदतीपेक्षा जुना माल सहसा धरत नाहीत. म्हणजे माल विकला जात नाही आणि त्यावर उचलही मिळत नाही, अशी कोंडी नेमकी मंदीच्या महिन्यांत होते. दालन भरलेले दिसावे म्हणून जो माल मांडला जातो, त्यातील बराचसा या अर्थाने रोज झिजत असतो.

ग्राहक दूर का गेला

अॅमेझॉनने भारतात जून २०१३ मध्ये विक्री सुरू केली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने दिवाळीच्या तोंडावर महासवलतीचा पहिला मोठा दिवस साजरा केला आणि सणाच्या खरेदीचा मुहूर्तच जणू पळवला. सवलतींचे हे युद्ध सम नव्हते, ही दुकानदारांची तक्रार रास्तच होती. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांवर निर्बंध आणले आणि जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. तथापि सारा दोष तेथेच टाकून मोकळे होणे योग्य ठरणार नाही.

अमेरिकेतील ‘सर्किट सिटी’ या साखळीचे उदाहरण पाहावे. १९४९ साली स्थापन झालेल्या या कंपनीने मार्च २००७ मध्ये खर्च वाचवण्यासाठी सुमारे ३,४०० विक्री कर्मचाऱ्यांना कमी केले. निकष असा, की त्यांचा पगार कामाच्या मानाने जास्त होता. अर्थातच हे अनुभवी लोक होते. ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर देणारेच गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि मार्च २००९ मध्ये अखेरची दुकाने बंद झाली. तिची प्रतिस्पर्धी ‘बेस्ट बाय’ हिने २०१२ नंतर ऑनलाइन भावाशी बरोबरी करण्याची तयारी दाखवली, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आणि घरपोच सेवेवर भर दिला. ती आजही उभी आहे.

आपल्याकडील दालनांतही हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. घरातील खोलीला किती टनांचा एसी लागेल हे विचारावे, तर विक्रेता ज्या कंपनीचा माणूस असेल तिचाच एसी दाखवतो. ‘शून्य टक्के व्याज’ असे म्हणून प्रक्रिया शुल्क वेगळे लावले जाते, किंवा रोखीने मिळाली असती ती सूट हप्त्यांत मिळत नाही. शून्य टक्के व्याज ही गोष्ट अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते. ज्या दालनात खरा सल्ला मिळत नाही, तेथे ग्राहकाने वस्तू पाहावी आणि स्वस्त मिळेल तेथून घ्यावी, यात त्याचे काय चुकले?

जे टिकले

मोठी दालने सरसकट संपली, असे मात्र नाही. १९६७ साली मुंबईत एका छोट्या दुकानातून सुरू झालेली ‘विजय सेल्स’ ही कौटुंबिक पेढी आज शंभराहून अधिक दालने चालवते. हा पल्ला गाठण्यास तिला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ‘क्रोमा’ आणि ‘रिलायन्स डिजिटल’ विस्तारत आहेत. पण त्यांच्यामागे असे समूह आहेत, जे एखाद्या दालनाचा काही वर्षांचा तोटा सहज पेलू शकतात. मध्यम व्यापाऱ्याने त्यांचे रूप पाहून अनुकरण केले, तर त्यांचे भाडे त्याच्या वाट्याला येईल, त्यांचे भांडवल मात्र येणार नाही.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे नाव परिग्रह-परिमाण असे आहे. गृहस्थाला सर्वस्वाचा त्याग सांगितलेला नाही. आपली मर्यादा आपणच आधी ठरवण्यास सांगितले आहे. क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांची सीमा आखताना पूर्वजांनी जो विवेक वापरला, तोच आज जागा, साठा आणि कर्ज यांना लावता येईल. पेढीत माल किती दिवसांचा ठेवायचा, स्वतःच्या एका रुपयामागे कर्जाचे किती रुपये घ्यायचे, भाडे सुटणाऱ्या नफ्याच्या किती हिश्शापर्यंत परवडते, हे आकडे मोहाचा क्षण येण्यापूर्वी ठरलेले असावेत. व्रत आधी घेतले जाते. परीक्षा नंतर येते.

याचा अर्थ पुढच्या पिढीने गाळ्यातच बसून राहावे असा नाही. गाळाही आपोआप सुरक्षित नसतो. ज्या दुकानात भाव जास्त आणि सेवाही नाही, ते लहान असले तरी बंदच पडते. नव्या वसाहतींत जायचे तर हजार-बाराशे फुटांची जागा घेऊन, निवडक माल मांडून, उरलेला वितरकाकडून मागणीनुसार आणता येतो. करारात लवकर बाहेर पडण्याची सोय मागता येते. एसी बसवणे, जुना फ्रिज नेणे, हमीच्या काळात कंपनीकडे पाठपुरावा करणे, सोसायटीतील चाळीस घरांची दुरुस्ती एका फोनवर हाती घेणे, ही कामे स्थानिक पेढीइतक्या आपुलकीने दूरचे गोदाम करू शकत नाही. नव्या पनवेलमध्ये राहायला येणाऱ्या कुटुंबाला कोणी ओळखीचे नसते. पहिल्या बिघाडाला जो धावून येईल, तोच त्याचा दुकानदार होईल.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. मोठ्या दालनाच्या कर्जाला बहुधा राहते घर तारण दिले जाते आणि जामीनदार म्हणून पत्नीची, कधी आईचीही सही घेतली जाते. पुष्कळदा कागद घरी येतात, खुणेच्या जागी सह्या होतात आणि हिशेब मात्र त्या माउलींना कोणी दाखवलेला नसतो. वर मांडलेला बारा कोटी तीस लाखांचा आकडा ज्याच्या-त्याच्या दालनासाठी नव्याने काढावा आणि सहीपूर्वी तो घरातील सर्वांसमोर ठेवावा. घर चालवणाऱ्या स्त्रीला मर्यादा कळते. तिने विचारलेल्या साध्या प्रश्नांना पिता-पुत्रांपाशी पटणारी उत्तरे असतील, तर दालन अवश्य घ्यावे.