बारीक मासळीची कैफियत

पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा केले, याबद्दल माझी तक्रार नाही. जो मासा आम्ही खाऊन खाऊन दुर्मिळ केला, त्याला निदान मान तरी मिळाला. तक्रार आहे ती त्या खवय्यांबद्दल, ज्यांच्या लेखी पापलेट, सुरमई आणि कोळंबी यांखेरीज समुद्रात खाण्याजोगे काही पैदाच होत नाही! मांदेली म्हटली की ते नाक मुरडतात, तारली म्हटली की काट्यांचे निमित्त पुढे करतात आणि जवळ्याचे तर नावही त्यांच्या दिवाणखान्यात काढण्याची सोय नाही. याला ते आवड म्हणतात. मी मिजास म्हणतो.

आवड काही पाळण्यातून येत नाही. कारल्याची भाजी पहिल्या घासाला कोणाला गोड लागली आहे? जिभेलाही शाळेत घालावे लागते, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे हे ठामपणे सांगू शकतो. तारलीचा काटा जिभेने अलगद बाजूला सारणे ही विद्या आहे. आमच्या किनाऱ्यावरची पाच वर्षांची पोर ती आजीच्या शेजारी बसून शिकते. तिरफळे घातलेले तारलीचे तिखले, कुरकुरीत तळलेली मांदेली, कांदा-आमसूल घालून परतलेला सुका जवळा, ओहोटीला खडकावरून फोडून आणलेली कालवे, ही काही गरिबाने पापलेटवाचून केलेली तडजोड नव्हे. ज्याने ती चाखली नाहीत, त्याने मासे खाल्ले असतील. समुद्र खाल्लेला नाही.

आता हे शहाणे एक नवा मुद्दा काढतात. म्हणे, बारीक मासे खाल्ले तर समुद्र ओस पडेल! अहो, लहान आणि बाळ यांतला फरक तरी ओळखा. मांदेली ही पापलेटचे पिल्लू नव्हे. वीतभर झाली की तिची वाढ झाली. जवळा तर बोटाच्या दोन पेरांपलीकडे जातच नाही. यांचे आयुष्य थोडे आणि पैदास भरपूर. समुद्र ओस पडतो तो हॉटेलातल्या बशीत नेमके मावावे म्हणून अंडी घालण्यापूर्वीच उचललेल्या तळहाताएवढ्या पापलेटांनी. २०२३ साली सरकारला ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून द्यावी लागली, ती पिल्ले वाचावीत म्हणूनच.

बरे, तुम्ही नाकारलेली तारली जाते कुठे? पुष्कळशी कारखान्यात जाते. तिथे तिचे तेल निघते, भुकटी होते आणि ती भुकटी कोंबड्यांना व तळ्यातल्या कोळंबीला चारतात. मग तीच कोंबडी आणि तीच कोळंबी हे साहेब चढ्या भावाने विकत घेतात. म्हणजे बारीक मासळी तेही खातातच; फक्त दुसऱ्याच्या पोटातून आलेली खातात!

हा केवळ जिभेचा वाद असता तर मी लेखणी उचलली नसती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा कोळीवाड्यातल्या घराला सुका बोंबील आणि सुकटच तारते. काट्यासकट खाल्ली जाणारी ही मासळी पोरांच्या हाडांना बळ देते. पण माझ्या वर्गात सुकटीचा डबा आणणारे पोर भिंतीकडे तोंड करून जेवते. वासाची लाज त्याला आईने शिकवलेली नाही. शेजारच्या बाकाने शिकवली आहे आणि त्या बाकाला दिवाणखान्याने. भूमितीचा सिद्धांत पोरे आठ दिवसांत विसरतात. हा धडा मात्र जन्मभर विसरत नाहीत. मोठेपणी तीच पोरे आपल्या आईला सांगतात, 'पाहुणे यायचे आहेत, आज सुकट भाजू नकोस.'

ज्याला मासे वर्ज्य आहेत, त्याने खुशाल वरणभात जेवावे. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण मत्स्याहारी म्हणून मिरवायचे आणि सुकटीच्या डब्यापुढे नाकाला रुमाल लावायचा, हे चालणार नाही. बाजारात पापलेटचा भाव विचारून झाला, की कोळणीने कडेला मांडलेल्या मांदेलीच्या वाट्याचाही भाव विचारा. आणि घरी आणलात तर खिडक्या उघड्या ठेवून तळा.