ओरिजिनलवाल्यांनो, जरा चिखलात या!

"ओरिजिनल आहे का?"

जुन्या मोटोक्रॉस बाइकला कुणी पाना लावला की हा प्रश्न आलाच म्हणून समजा. विचारणारा बहुतेक वेळा ती बाइक शर्यतीत पळवणारा नसतो. त्याला टाकीवरचा रंग त्याच सालचा हवा, मडगार्ड तेच हवं, नटबोल्टवरचा मुलामासुद्धा तोच हवा. आणि फ्रेमवर वेल्डिंग केलंय असं कळलं, की चेहरा असा करतो जणू तुम्ही शनिवारवाड्याच्या दरवाज्याला ड्रिल मारलंय.

मंडळी, मला ही जमात आता जाम डोक्यात जायला लागली आहे. मोटोक्रॉसची बाइक शर्यतीसाठी जन्माला आली. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, पेट्रोल आणायला जायचीसुद्धा सोय नाही. शर्यत काढून घेतली तर उरतं काय? दिवाणखान्यातलं भंगार!

आणि ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं व्हर्जन हो? १९७० च्या सुमाराची सीझेड घ्या. चेकोस्लोव्हाकियाची, जावाची सख्खी बहीण, म्हणजे म्हैसूरच्या आपल्या येझदीची मावशीच म्हणा. ज्योएल रोबेरने १९६४, १९६८ आणि १९६९ ची २५० सीसी जगज्जेतेपदं सीझेडवर घेतली. मजबूत, जड, दणकट गाडी. पण अमेरिकेतले लोक ती विकत घेऊन करायचे काय? यिकॉव्हचा कार्ब्युरेटर काढून मिकुनी बसवायचे, मागचे शॉक काढून कोनी लावायचे, पत्र्याच्या मडगार्डच्या जागी प्रेस्टन पेटीचं प्लास्टिकचं. पत्र्याचं पहिल्याच आपटीत वाकतं, प्लास्टिकचं परत सरळ होतं, इतका साधा हिशेब. आज कुणी ते पत्र्याचं मडगार्ड शोधून काढून चकचकीत करतो आणि म्हणतो, "ही अस्सल." अरे, त्या काळी शर्यतीत पळालेली गाडी अशी दिसायचीच नाही! तू जपतोयस ती शोरूममधली गाडी.

जिला हे लोक हात जोडतात ती रिकमन मेटिस बघा. डेरेक आणि डॉन रिकमन, इंग्लंडमधले दोघे भाऊ, स्वतः शर्यती करणारे. बाजारातल्या फ्रेम पटेनात म्हणून स्वतःची फ्रेम बनवली आणि तिच्यात ट्रायम्फचं इंजिन बसवलं. मेटिस या फ्रेंच शब्दाचा अर्थच संकर. म्हणजे ज्या गाडीचं नावच 'भेसळ', तिच्या शुद्धतेवरून आज भांडणं! कंपन्याही काही वेगळ्या नव्हत्या. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ ची ५०० सीसी जगज्जेतेपदं बीएसएला मिळवून दिली, आणि बीएसएने १९६६ ला त्याला टायटॅनियमची फ्रेम दिली. ती तडकायची, आणि मैदानावर टायटॅनियमला वेल्डिंग करता येत नाही. प्रयोग फसला, पण कुणी "आधीची फ्रेम ओरिजिनल आहे, हात लावू नका" असं म्हणत बसलं नव्हतं.

खरी मजा १९७३ ते १९७५ मध्ये झाली. तोवर मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास साधारण ४ इंच असायचा. मग लोकांच्या लक्षात आलं, की मागच्या चिमट्यावर शॉकचं खालचं टोक अ‍ॅक्सलपासून पुढे सरकवलं, की तेवढ्याच शॉकमध्ये चाक जास्त हलतं. शॉक एक इंच दबला की चाक दीड इंच. ४ चे ६ इंच झाले, फुकटात! पण फुकट काहीच नसतं. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो. दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणजे स्प्रिंग सव्वादोनपट कडक हवी. डॅम्पिंगचंही तेच. माणूस खड्ड्यांवरून वेगात जायला लागतो, शॉकमधलं तेल तापून पातळ होतं आणि शेवटच्या फेऱ्यांत मागचं चाक बेडकासारखं उड्या मारतं. म्हणून मग थंड राहायला कल्लेवाले शॉक आले, तेलाच्या वेगळ्या डब्या आल्या. चाक जास्त हलतं तशी चेनही जास्त सैल-घट्ट होते, म्हणून तिला टेन्शनर आला. नुसतं मागून उचललं तर फोर्क उभा होतो आणि हँडल फडफडतं, म्हणून पुढचे फोर्कही लांब करावे लागले. एक टोक ओढलं की अख्खी गाडी उसवते. (आमच्या प्रोजेक्टमध्येही हेच होतं, असो.) त्याच सुमारास यामाहाने बेल्जियमच्या लुसियाँ टिलकेन्सची कल्पना घेतली, टाकीखाली एकच लांब शॉक बसवला आणि हाकन अँडरसन १९७३ ला २५० सीसीचा जगज्जेता झाला. १९८० च्या आसपास हा प्रवास १२ इंचांवर गेला होता. हे सगळं कापाकापीतूनच आलं. कित्येकांनी ती घरच्या गॅरेजमध्ये केली.

म्हणून अमेरिकेतल्या आरमा या संस्थेचा नियम मला शहाणपणाचा वाटतो. तिथे व्हिंटेज मोटोक्रॉसच्या मूळ वर्गांत पुढे ७ इंच आणि मागे ४ इंच प्रवास, यावर जाऊ नका. फूटपट्टी लावा आणि मोजा. वादाचा विषय चाक किती हलतं हा आहे, मडगार्ड कुठल्या कारखान्यातून आलं हा नाही.

आता जिवाचा प्रश्न. जुनी फायबरग्लासची टाकी आणि आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यांचं जमत नाही. इथेनॉलने रेझिन मऊ पडतं, टाकी पाझरते, आणि खाली तापलेला सायलेन्सर. टू-स्ट्रोकच्या क्रँकचे ऑइल सील पन्नास वर्षांनी कडक होतात, इंजिन तिथून हवा खेचतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन जाम होतो आणि भर वेगात मागचं चाक लॉक. मॅग्नेशियमचे जुने हब न सांगता तडकतात. हे सगळं 'तसंच ठेवा' म्हणणाऱ्याने स्वतः एक उडी मारून दाखवावी. हेल्मेट मात्र कुणीच १९७१ चं घालत नाही, बरं का! तिथे सगळ्यांना आजचंच हवं.

शिवाय पैसा. न वापरलेले जुने पार्ट सोन्याच्या भावाने घ्यायचे, तर हा खेळ फक्त पैसेवाल्यांचा होणार. ज्या पोराला सेकंडहँड सांगाडा परवडतो आणि स्वतः वेल्डिंग येतं, तो बाहेर. मुळात खेळ त्याच पोराचा होता.

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे. इंग्लंडमध्ये १९६५ पूर्वीच्या म्हणवल्या जाणाऱ्या ट्रायल्स बाइक बघितल्या तर कित्येकांत जुनं म्हणायला इंजिनाचा सांगाडा आणि टाकीवरचं नाव एवढंच असतं. ही फसवणूकच आहे. जुन्या कातड्यात नवी गाडी घालून चषक घरी न्यायचा असेल तर सरळ नवी घे की बाबा. पण त्यावर इलाज फूटपट्टीचा, म्हणजे चाकाचा प्रवास मोजा, ब्रेक ड्रमचे आहेत का बघा, सिलिंडर हवेनेच थंड होतो का बघा. सील, टाकी, हब, इग्निशन, फ्रेमची मजबुती यांत नाक खुपसू नका. आणि कारखान्याच्या संघासाठी हाताने बनवलेल्या ज्या मोजक्या गाड्या उरल्यात, त्या खुशाल म्युझियममध्ये ठेवा, त्यांना कुणी ग्राइंडर लावणार नाही. हजारोंनी विकल्या गेलेल्या सीझेड आणि यामाहा तेवढ्या आम्हाला सोडा.