दुकान चालतंय, मग गल्ला रिकामा का?

कळवणात दुकान किराण्याचं असो, कापडाचं असो की मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं, त्याचा खरा मालक कांदा आहे. भाव असला की आठवडे बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. भाव पडला तरी तेच गिऱ्हाईक येतं, पण "लिहून ठेवा" म्हणतं. आणि आपल्यातले बरेच जण लिहीत नाहीत, लक्षात ठेवतात.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान किंमत लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून ते गेलं. या बातम्या आपण शेतकऱ्याच्या म्हणून वाचतो. दुकानदाराच्याही त्या तितक्याच आहेत. कांदा चाळीत अडकला की आपली उधारीही त्याच चाळीत अडकते. घाऊक व्यापारी आपल्यासाठी पंधरा दिवस थांबतो, आपण गिऱ्हाइकासाठी चार महिने. मधले साडेतीन महिने कुणाच्या पैशावर काढायचे? भिशी, घरातला दागिना, नाहीतर सासरेबुवा. नफ्यात असलेलं दुकानसुद्धा बंद पडतं ते इथेच.

अशा वेळी लोक सल्ला देतात, कर्ज काढा, माल वाढवा. मुद्रा योजनेत जुनं 'तरुण' कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत मिळू शकतं. व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी वसुली तशीच राहिली तर जादा मालाची जादा उधारी होते, एवढंच.

दुसरी गोष्ट क्यूआर कोडची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत अनेकांनी क्यूआर काढून "फक्त रोख" लिहिलं. आमच्या मते हा इलाज चुकीचा आहे. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख, म्हणजे दिवसाला साधारण ११ हजार. नफा नाही, विक्री. आता आपल्या दुकानाच्या क्यूआरवर काय काय येतं बघा: विक्री, भिशीचे हप्ते, भावाने पाठवलेले पैसे, लग्नाचा आहेर. उद्या कुणी विचारलं तर यातली विक्री किती, हे दाखवायला वहीच लागेल. दुकानाचं खातं वेगळं ठेवा. घरखर्चाला महिन्याची रक्कम ठरवून घ्या, गल्ल्यातून येता-जाता उचलू नका.

सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. रक्कम लहान असली तरी कंटाळू नका, हेही तिथेच आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशोब करताना येणं किती, हा प्रश्न येतो तेव्हा बरेच जण अंदाज सांगतात. वही असती तर आकडा सांगता आला असता.

अडचण येते ती मुरव्वतीची. समोर मामू उभे असतात, त्यांच्यासमोर वही कशी काढायची? आम्ही पाहिलेल्या एका दुकानदाराने सोपा मार्ग काढला. वही गिऱ्हाइकाकडेच सरकवायची, "मामू, तुम्हीच लिहा, माझं अक्षर खराब आहे." मामू लिहितात, तारीखही टाकतात, आणि कांदा विकला की बहुतेक वेळा स्वतःच येतात.